धूळ कोणती, चित्र कोणते: जुन्या ॲनिमे चित्रपटाचे एचडी रीमास्टरिंग

परदेशी चित्रपटांच्या फ्रेमसफाईचे काम भारतातल्या स्टुडिओंकडे येऊ लागले त्याला बरीच वर्षे झाली. त्यात सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर, रंगवलेला एखादा जुना जपानी ॲनिमेशनपट हाती आला, की नटनट्यांच्या चित्रपटांवर हात बसलेल्या चांगल्या कारागिरांकडूनही ठरावीक चुका होतात. आधी ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदार पोत, पुसला जातो, मग रेषा धारदार केल्या जातात आणि धूळ काढणारे सॉफ्टवेअर रात्रभर मोकळे सोडले जाते. सकाळी चित्र काचेसारखे लख्ख दिसते आणि त्यातला पाऊस गायब झालेला असतो. या लेखासाठी गृहीत धरलेला चित्रपट साधारण १९६० ते १९९५ या काळातला, पारदर्शक सेलवर रंगवून ३५ मिमी फिल्मवर चित्रित केलेला आणि सुमारे ९० मिनिटांचा आहे. अंतिम उत्पादन ब्लू-रे डिस्क आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रंगकाम संगणकावर गेले. त्या चित्रपटांचे चित्र ज्या रेझोल्यूशनला तयार झाले, त्याहून अधिक तपशील फिल्म स्कॅन करून मिळत नाही, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

टप्पा १: काम घेण्यापूर्वी काय ठरवावे

हक्कधारकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, कोणती आवृत्ती करायची: चित्रपटगृहात प्रथम दाखवलेली, की नंतर बदललेली. दुसरी, चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण. तिसरी आणि सर्वांत जास्त वाद होतो ती, दोष कशाला म्हणायचे. सेल चित्रित करतानाच त्यावर बसलेली धूळ, कॅमेऱ्याखालच्या काचेचे प्रतिबिंब, एखाद्या फ्रेममध्ये चुकून निराळ्या रंगाने भरलेली बाही, हे सगळे पहिल्या प्रदर्शनातही पडद्यावर दिसलेलेच आहे. ते ठेवायचे की काढायचे हे सफाई करणाऱ्याने रात्री अकरा वाजता स्वतःच्या मनाने ठरवू नये.

लखलखाटाच्या दृश्यांबद्दलही याच वेळी विचारून घ्यावे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यानंतर तिथे प्रक्षेपणाचे नियम कडक झाले. प्रक्षेपणासाठी बनवलेल्या प्रतींत अशी दृश्ये मंद केलेली असू शकतात. म्हणून तशी प्रत प्रकाशमानाच्या तुलनेसाठी प्रमाण मानू नये.

टप्पा २: कोणत्या फिल्मवरून काम करायचे

उपलब्ध साहित्याची उतरंड साधारण अशी असते: कॅमेरा निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली मास्टर पॉझिटिव्ह, तिच्यावरून काढलेली ड्युप निगेटिव्ह आणि शेवटी चित्रपटगृहात चाललेली प्रिंट. प्रत्येक पायरीला तपशील घटतो आणि ग्रेन वाढतो. तरीही निगेटिव्हच हवी असा हट्ट धरू नये. तिचे एखादे रीळ हरवले असेल, ओरखडे खोल असतील किंवा शीर्षके तिच्यात जोडलेली नसतील, तर मास्टर पॉझिटिव्ह अधिक उपयोगी ठरते. १९८८ च्या ‘अकिरा’ची २०२० मध्ये जपानमध्ये निघालेली ४के (सुमारे ४,००० पिक्सेल रुंद) आवृत्ती ३५ मिमी मास्टर पॉझिटिव्हवरूनच केलेली आहे.

प्रिंट शक्य तो स्कॅनसाठी वापरू नये; पण साक्षीदार म्हणून ती जवळ हवीच. कोणता शॉट कुठे तुटतो, फेड (चित्र हळूहळू काळे होणे) किती फ्रेमांचा आहे, रात्रीचा प्रसंग किती काळोखा छापला होता, हे तीच सांगते. तिच्या रंगांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. १९८० च्या आधीच्या बऱ्याच रंगीत प्रिंट्समधले निळसर-हिरवे आणि पिवळे रंगद्रव्य उडून त्या गुलाबी झालेल्या असतात.

इशारा: व्हिडिओ टेपवरचा ७२० गुणिले ४८० आकाराचा जुना मास्टर मोठा करून दिल्यास ते रीमास्टरिंग होत नाही. फिल्म खरोखरच उरलेली नसेल तर तो शेवटचा पर्याय असतो, आणि वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे.

टप्पा ३: डबा उघडताना

शीतगृहातून आलेला डबा लगेच उघडू नये. तो बंद ठेवूनच सुमारे २४ तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. पावसाळ्यातल्या मुंबईत ही चूक विशेष महागात पडते. उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा ॲसिटेट या प्लास्टिकचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. आम्ल मोजणाऱ्या ए-डी पट्ट्या डब्यात ठेवल्या की निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पिवळी पट्टी निघालेले रीळ इतरांपासून वेगळे ठेवून सर्वांत आधी स्कॅन करावे.

त्यानंतर टेबलावर, हातमोजे घालून, हाताने सावकाश गुंडाळत फिल्म तपासावी. फाटलेली छिद्रे, सुटू लागलेले जोड आणि आकुंचन या तिन्हींची नोंद रिळानुसार ठेवावी. आकुंचन एक टक्क्याच्या आसपास गेले असेल तर दातेरी चक्रांवर चालणारा स्कॅनर वापरू नये. रोलरवर फिल्म चालवणारा स्कॅनर घ्यावा. छिद्रे व जोड दुरुस्त झाल्यावरच अल्ट्रासॉनिक सफाई करावी. क्रम उलटला तर सुटत आलेला जोड यंत्राच्या पोटातच सुटतो.

तपासणी: प्रत्येक रिळाची लांबी फुटांत लिहून ठेवली आहे का? ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम आणि एका मिनिटात ९० फूट असतात. म्हणजे ९० मिनिटांच्या चित्रपटाचे ८,१०० फूट भरले पाहिजेत. बेरीज कमी आली तर त्याचे कारण आत्ताच शोधावे.

टप्पा ४: स्कॅन

अंतिम डिस्क १९२० गुणिले १०८० ची असली तरी स्कॅन ४के रेझोल्यूशनला करावे. कमी रेझोल्यूशनला स्कॅन केल्यास ग्रेन नीट पकडला न जाता खरखरीत दिसतो, आणि पुढे सगळे त्यालाच चित्रातला दोष (नॉईज) समजून पुसायला निघतात. ४०९६ गुणिले ३११२ आकाराची, १० बिटची एक डीपीएक्स (प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र फाइल ठेवणारा प्रकार) फ्रेम सुमारे ५१ एमबीची असते. ९० मिनिटांत १,२९,६०० फ्रेम असतात, तेव्हा एकूण ६.६ टीबी लागतात. प्रत्येक पायरीची एक प्रत ठेवायची असल्याने जागेचा हिशोब याच्या तिप्पट धरावा.

स्कॅन करताना रंग सुधारू नयेत. सावलीतला आणि उजेडातला सगळा तपशील राखणारे सपाट, कमी कॉन्ट्रास्टचे ‘लॉग’ चित्र घ्यावे. छिद्रांचा काही भाग दिसेल इतकी रुंद चौकट घ्यावी, कारण पुढच्या स्थिरीकरणाला तोच आधार असतो. इन्फ्रारेड वाहिनीची सोय असेल तर तीही घ्यावी. रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यातून इन्फ्रारेड किरण पार होतात आणि धुळीला अडतात, त्यामुळे त्या वाहिनीत फिल्मवरची धूळ तेवढी दिसते. पायावरचे बारीक ओरखडे बुजवायला द्रवातून फिल्म नेणारा वेट-गेट उपयोगी पडतो. इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर, खरवडून गेलेला ओरखडा त्याने जात नाही.

टप्पा ५: जुळणी आणि चौकट

स्कॅन केलेली रिळे प्रिंटशी शॉटगणिक ताडून पाहावीत. जोडाजवळ एखादी फ्रेम हरवलेली असते. ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवलेले असल्याने हरवलेल्या फ्रेमची जुळी शेजारीच सापडते, आणि ती वापरणे योग्य आहे. कॅमेरा सरकत असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण पात्राचे चित्र तेच असले तरी पार्श्वभूमी दर फ्रेमला पुढे गेलेली असते.

चौकटीचा घोळ ॲनिमेमध्ये हमखास होतो. कितीतरी चित्रपट जवळपास चौकोनी १.३७ च्या (रुंदी उंचीच्या १.३७ पट) फ्रेममध्ये चित्रित झाले. प्रक्षेपकावर मात्र वरखाली झाकून १.८५ ला दाखवले गेले. पूर्ण फ्रेम पाहिली की “अधिक चित्र मिळाले” असा आनंद होतो; पण त्या वाढीव भागात रंगकाम संपलेले असते आणि सेलची कडही डोकावते. १.८५ चे चित्र १९२० गुणिले १०३८ असे बसते. वरखाली २१-२१ ओळींची काळी पट्टी राहते आणि ती राहू द्यावी. १.३७ मध्येच दाखवलेला चित्रपट १४८० गुणिले १०८० असा बसतो. पडदा भरावा म्हणून त्याची डोकी कापू नयेत. तोएई या जपानी स्टुडिओचे १९६० च्या दशकातले बरेच ॲनिमेशनपट स्कोपमध्ये, म्हणजे रुंद चित्र लेन्सने आडवे दाबून फिल्मवर घेण्याच्या पद्धतीत, आहेत. त्यांच्या फिल्मवर पात्रे लांबट दिसतात. रुंदी आधी पूर्ववत करावी आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे.

टप्पा ६: स्थिरीकरण

चित्र डुलत असेल तर ते छिद्रांच्या आधाराने स्थिर करावे. चित्रातल्या आकारांवरून स्थिर करणारा पर्याय निवडला, तर स्फोटाच्या वेळी मुद्दाम हलवलेला कॅमेरा यंत्र शांत करून टाकते. कधी ते चालणाऱ्या पात्रालाच खिळा मानते आणि त्याच्यामागचे गाव डोलू लागते. लुकलुक काढणाऱ्या साधनालाही वीज चमकणे आणि एक्स्पोजर बिघडणे यांतला फरक कळत नाही. विजेचे, आगीचे आणि स्फोटाचे शॉट त्यातून आधीच वगळावेत.

टप्पा ७: सफाई

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. धूळ काढणाऱ्या प्रत्येक स्वयंचलित साधनाचे गृहीतक एकच असते: जे मागच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही ते चित्राचा भाग नाही. खऱ्या माणसांच्या चित्रपटात ते बहुतेक वेळा खरे ठरते. ॲनिमेमध्ये तसे नाही, कारण एका फ्रेमपुरते जगणारे चित्र काढणे हा त्या कलेतला नेहमीचा व्यवहार आहे.

माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका रिळात दोन तलवारी एकमेकींवर आदळत होत्या. खणकन आवाज येत होता. पण डोळ्यांना काहीतरी खटकत होते. कच्चे स्कॅन शेजारी लावून एकेक फ्रेम पुढे नेली तेव्हा उलगडा झाला. आघाताच्या क्षणी एकाच फ्रेममध्ये पांढरा, सहा टोकांचा तारा काढलेला होता आणि सॉफ्टवेअरने तो मोठा धूलिकण समजून पुसला होता. पुसताना एका तलवारीचे टोकही घेऊन गेले होते. त्या रिळात असे अकरा तारे होते. अकराही गेले होते.

म्हणून डाग पुसण्याआधी तो कुठे बसला आहे हे ओळखावे. त्यासाठी फ्रेम मागेपुढे करून पुढील क्रमाने पाहावे.

१. डाग एकाच फ्रेममध्ये असून त्याच चित्राच्या जुळ्या फ्रेममध्ये नसेल, तर तो फिल्मवरचा असण्याची शक्यता अधिक. निगेटिव्हवरची धूळ उलटवलेल्या चित्रात पांढरी दिसते, तर प्रिंट किंवा पॉझिटिव्हवरची काळी. मास्टर पॉझिटिव्हमध्ये दोन्ही सापडतात, कारण निगेटिव्हवरची धूळ तिच्यात छापूनच आलेली असते. आकार काढलेला वाटत असेल, कडा रेखीव असतील किंवा ध्वनिपट्टीवर त्याच क्षणी आघात असेल, तर हात लावू नये.

२. डाग दोन-तीन फ्रेम टिकून चित्राबरोबरच नाहीसा होत असेल, किंवा पात्राबरोबर सरकत असेल, तर ती सेलवरची धूळ. ती मूळ चित्रीकरणातली आहे. टप्पा १ मधल्या लेखी निर्णयाप्रमाणे वागावे. निर्णय माझ्यावर सोपवला तर नजर अडकवणारा केस मी काढतो आणि बारीक कण राहू देतो.

३. चित्रे बदलत राहिली तरी डाग जागेवरच असेल, तर तो पार्श्वभूमीवरचा, काचेवरचा किंवा कॅमेऱ्यातला. पार्श्वभूमी सरकताना डागही सरकला तर तो तिच्यावरचा. नाही सरकला तर काचेवरचा किंवा कॅमेऱ्यातला.

४. अनेक फ्रेमांतून एकाच जागी धावणारी उभी रेषा बहुधा ओरखडा असते. पण विजेचा खांब, दाराची चौकट आणि तंबूची दोरी याही उभ्याच असतात.

पाऊस, बर्फ, ठिणग्या, तारे, उडत्या पाकळ्या, वेगरेषा आणि डोळ्यांतली चमक असलेले शॉट स्वयंचलित साधनाला अजिबात देऊ नयेत. त्यांची यादी सफाईच्या आधी, संपूर्ण चित्रपट एकदा पाहून करावी. उरलेल्या शॉटसाठी साधन सर्वांत सौम्य पातळीवर चालवावे. राहिलेले हाताने काढावे. हाताने काढताना आजूबाजूचा रंग ओढून आणू नये, तर त्याच चित्राच्या जुळ्या फ्रेममधला तेवढाच तुकडा आणावा. त्या तुकड्यात फिल्मचा खरा ग्रेन असल्याने ठिगळ उठून दिसत नाही.

तपासणी: सफाई झालेल्या चित्रातून कच्चे स्कॅन वजा करून उरलेला फरक पडद्यावर पाहावा. काळ्या पडद्यावर विखुरलेले ठिपके दिसले तर काम ठीक आहे. त्यात ओठांची रेषा, पापण्या किंवा पात्राची बाह्यरेषा ओळखू आली, तर तो शॉट परत घ्यावा. ही पाहणी कंटाळवाणी असते. पण ती एका रिळावरही चुकवू नये.

टप्पा ८: ग्रेन

ॲनिमेमधल्या सपाट रंगांवर ग्रेन जास्त उठून दिसतो, म्हणून तो पुसायचा मोह होतो. पोस्टर कलरने रंगवलेल्या पार्श्वभूमीतले कुंचल्याचे फटकारे आणि कागदाचा पोत साधारण ग्रेनच्याच आकाराचे असतात. एक गेला की दुसराही जातो. जंगल मग मेणाचे दिसते. मावळतीच्या आकाशातल्या हळुवार छटांत ग्रेन नसेल, तर ८ बिटच्या डिस्कवर त्यांचे पट्टे पडतात. त्यानंतर रेषा धारदार केल्यास प्रत्येक काळ्या रेषेभोवती पांढरी झालर उमटते. शाईच्या रेषेची जाडी मुळातच कमीजास्त असते आणि ती तशीच हवी. एखाद्या ऑप्टिकल (लॅबमध्ये पुन्हा छापून केलेल्या) शॉटचा ग्रेन शेजारच्या शॉटपेक्षा फारच दाट असेल, तर त्यापुरता तो हलका करावा. सरसकट काही करू नये.

टप्पा ९: रंग

सर्वांत विश्वासार्ह पुरावे म्हणजे न उडालेली प्रिंट, लॅबच्या टायमिंगच्या (छपाईत प्रत्येक शॉटला दिलेल्या प्रकाशाच्या) नोंदी आणि शक्य असल्यास मूळ रंगसंयोजक किंवा छायालेखक. मूळ सेल मिळाले तर उत्तमच. परंतु सेलशी तंतोतंत जुळवणे ही चूक आहे. सेलचे ॲसिटेट काळाने पिवळे पडते. शिवाय त्यावरचा रंग निवडतानाच दिवे, फिल्म आणि छपाई यांतून तो पडद्यावर कसा उतरेल हे पाहिलेले असते. सेल कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी होता एवढे खात्रीने सांगतो. पडद्यावरची छटा सांगत नाही.

जुन्या जपानी व्हिडिओ मास्टरशी तुलना करताना दोन फरक लक्षात ठेवावेत. जपानी दूरचित्रवाणीचा पांढरा रंग परंपरेने ९३०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर होता, तर एचडीचे मानक सुमारे ६५०० केल्व्हिनचे आहे. तो निळसरपणा गृहीत धरून केलेले चित्र आजच्या मॉनिटरवर पिवळसर भासते. दुसरे, एनटीएससी या टीव्ही पद्धतीच्या जपानी रूपात काळ्याची पातळी शून्य आयआरईला (व्हिडिओ सिग्नल मोजण्याचे एकक) होती, अमेरिकेत ७.५ ला. जपानी टेप अमेरिकन पातळी धरून वाचली तर काळ्या केसांतल्या छटा बुजतात.

काही फरक मूळचेच असतात. कॅमेऱ्याखाली तीनऐवजी चार सेल एकमेकांवर ठेवले की खालची पार्श्वभूमी किंचित गडद होते, आणि पात्र निघून गेले की ती पुन्हा उजळते. हा फरक फार खटकला तरच सौम्य करावा. मागून प्रकाश टाकून घेतलेले दिव्यांचे, लेझरचे आणि खिडक्यांचे परिणाम पांढऱ्यात करपू देऊ नयेत. त्यांच्या कडेची रंगीत आभा राहिली पाहिजे.

टप्पा १०: ध्वनी

मूळ चुंबकीय मिश्रण मिळाले तर तेच घ्यावे, नाहीतर ध्वनीची ऑप्टिकल निगेटिव्ह. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमांनी चालते आणि ब्लू-रेवर बहुधा २३.९७६ फ्रेमांचा वेग वापरतात. ध्वनीचा वेग त्याच प्रमाणात कमी केला नाही, तर ९० मिनिटांच्या शेवटी संवाद ५.४ सेकंद आधी येतात. जुळणी प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटीही तपासावी. एकाहून अधिक भाषांच्या ध्वनिपट्ट्या असतील तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते. ज्याच्या दिग्दर्शनात युगो साको यांच्याबरोबर आपले ॲनिमेटर राम मोहन होते, त्या भारत-जपान ‘रामायणा’चे ४के रूप २४ जानेवारी २०२५ रोजी भारतीय चित्रपटगृहांत एकाहून अधिक भाषांत लागले. अशा कामात प्रत्येक भाषेची पट्टी रिळागणिक स्वतंत्र जुळवावी, एकूण लांबीवरून कधीही जुळवू नये.

खरखर काढताना “स” आणि “श” बोथट झाले की थांबावे. नवे ५.१ (सहा वाहिन्यांचे) मिश्रण केले तरी मूळ मोनो पट्टी विनाऱ्हास स्वरूपात डिस्कवर ठेवावी.

टप्पा ११: एन्कोडिंग

ब्लू-रेवर व्हिडिओची कमाल मर्यादा ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे. ९० मिनिटे सरासरी ३० एमबीपीएसने सुमारे २० जीबी होतात, म्हणजे ५० जीबीच्या डिस्कवर चित्र आणि अनेक ध्वनिपट्ट्या सहज बसतात; २५ जीबीच्या डिस्कवर कोंबू नये. एन्कोडरमधले ग्रेनला नॉईज मानून पुसणारे फिल्टर बंद आहेत ना हे पाहावे, कारण काही ठिकाणी ते न सांगता चालू असतात. १० बिटवरून ८ बिटवर येताना डिदरिंग (छटांचे पट्टे पडू नयेत म्हणून मिसळलेला बारीक दाणा) लावावे.

टप्पा १२: शेवटची पाहणी

तयार डिस्क मॉनिटरवर नव्हे तर घरगुती टीव्हीवर, मध्ये न थांबता, सफाईच्या कामात नसलेल्या माणसाने पाहावी. दुसऱ्या फेरीत फक्त टप्पा ७ मधल्या यादीतले शॉट कच्च्या स्कॅनशेजारी लावून पाहावेत. वाढवलेला तीक्ष्णपणा घरच्या टीव्हीच्या स्वतःच्या तीक्ष्णपणात मिसळून दुप्पट दिसतो, तोही इथेच सापडतो.

कच्चे स्कॅन, सफाई झालेले पण रंग न लावलेले चित्र आणि अंतिम मास्टर अशा तीन प्रती चेकसमसह (फाइल बदलली नाही हे पडताळणारा आकडा) एलटीओ या संगणकीय टेपवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. फिल्म नव्या, हवा खेळती राहील अशा डब्यात, रिळानुसार केलेल्या नोंदींसह शीतगृहात परत पाठवावी, आणि कोणत्या शॉटमध्ये काय काढले व काय मुद्दाम ठेवले याची यादी तिच्याबरोबर द्यावी.